सुवर्णाचा पायगुण

सुवर्णा माझी भावजय. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते आणि एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. पहाटे साडेपाचला गाडी काढते, दिवसभर उभी असते आणि संध्याकाळी घरी आली की सोफ्यावर बसून आधी टाचा चोळते. वय पंचावन्न. तिला खळखळून हसताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्यात आमच्या घराचा वाटा किती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिच्या लग्नानंतर चौथ्याच दिवशी आमचे बाबा गेले. आई म्हणाली, "पांढऱ्या पायाची आली." एकदाच म्हणाली असती तर दुःखात बोलली म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे आमच्या साताऱ्यात कुणाची मुंज असो की नव्या दुकानाची पूजा, सुवर्णाला "तू मागनं ये" म्हणायची पद्धतच पडली. माझा भाऊ राजीव तिला घेऊन अमेरिकेला आला, पण असलं बोलणं विमानतळावर थोडंच काढून घेतात?

समोरच्या घरात एक व्हिएतनामी कुटुंब राहतं. म्हाताऱ्या लिएनबाई, त्यांचे यजमान तुंग, मुलगा आणि सून. त्यांचं नवं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, त्याला ते तेत म्हणतात. डॅलसहून, ओक्लाहोमाहून सगळी माणसं गाड्या हाकत येतात. वर्षभर फोनवरही न भेटणारे भाऊ त्या दिवशी एका ताटाला बसतात. गेलेल्यांच्या फोटोंपुढे फळं आणि केळीच्या पानात उकडलेला भात मांडतात, कारण तेही घरी येतात म्हणे. त्या दिवशी केर काढायचा नाही, वाईट बोलायचं नाही. आणि सकाळी बाहेरचं जे पहिलं माणूस उंबरा ओलांडून आत येईल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचं एक पार्सल चुकून इकडे आलं होतं. ते द्यायला सुवर्णा नेमकी त्या सकाळी गेली. नऊ वर्षं मूल नसलेल्या सुनेला त्या वर्षी मुलगा झाला. झालं. तेव्हापासून दर तेतला लिएनबाईंचं बोलावणं. सुवर्णा लॅबमधून सुट्टी काढायची, साडी नेसायची आणि जायची. साताऱ्यात तिने हे कुणाला सांगितलं नाही. मला राजीवकडून कळलं.

गेल्या वर्षीही ती गेली. मार्चमध्ये कानावर आलं की तुंगना कॅन्सर आहे. नोव्हेंबरअखेरीस ते गेले.

यंदा तेत आला तेव्हा मी राजीवकडे राहायला आले होते. राजीव कामावर गेला होता. सुवर्णाने सवयीने सुट्टी घेतली होती, पण गाऊनवरच स्वयंपाकघरात बसून होती. कचऱ्याची गाडी यायचा दिवस होता, तरी तिने डबा बाहेर नेला नाही. चुकून पाऊल तिकडे वळायला नको.

"वन्सं, ब्लाइंड्स उघडू नका," ती म्हणाली.

समोरच्या घरातून चौथ्यांदा फोन आला. तिने तो पालथा घातला.

"अगं, घे ना."

"कशाला? आधी मामंजी, आता तुंगकाका. दोन पुरे झाले."

मी फटीतून पाहिलं. समोरचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लिएनबाई शाल पांघरून बसल्या होत्या, आणि मागे सगळं घर नटूनथटून ताटकळत उभं होतं. मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून गेले. पायरीवर पाय ठेवणार तोच म्हातारीने ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला.

आदल्या रात्रीच डॅलसहून आलेली त्यांची नात विव्हियन आतूनच इंग्रजीत म्हणाली, "सॉरी आंटी, आत येऊ नका प्लीज. सुवर्णा आंटी आल्याशिवाय आजी कुणालाच आत-बाहेर करू देत नाहीये. आमचं देवळात जायचंही राहिलंय."

या वयात मला कुणी उंबऱ्याबाहेर थांबवलं नव्हतं. फार लागलं मनाला. सुवर्णाने हे किती वेळा गिळलं असेल, असंही वाटलं. मग मी सांगून टाकलं, की तुमच्या आजोबांचा मृत्यू आपल्या पायाने आला असं ती धरून बसली आहे.

विव्हियनने आजीला सांगितलं. म्हातारी बराच वेळ बोलत राहिली.

"डॉक्टरांनी गेल्या तेतच्या आधीच सांगितलं होतं," विव्हियन म्हणाली. "तीन महिने, म्हणाले. तेतला वाईट बोलत नाहीत, म्हणून आम्ही गप्प राहिलो. मग आंटी आल्या. आजोबा दहा महिने राहिले. आजी म्हणते, वरचे सात महिने तिच्या पायाचे."

परत यायला वीस पावलं. मला ती जड गेली. कारण असंच एक गुपित मलाही माहीत होतं. लग्नाच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी बाबांना हृदयाचं सांगितलं होतं, आणि बरोबर मीच गेले होते. बाबा म्हणाले होते, "लग्न पार पडू दे सरले, तोवर ब्र काढू नकोस." लग्न पार पडलं. आईने सुवर्णाकडे बोट दाखवलं तेव्हा मी बोलले असते, तर आईने मला विचारलं असतं, तू का नाही सांगितलंस? म्हणून मी तोंड शिवून बसले. तीस वर्षं. आई गेली तरीही.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुंगचं ऐकताना तिचे डोळे भरले. बाबांचं ऐकताना कोरडे झाले.

"तुमच्या लेकीच्या लग्नात मला मंडपात सगळ्यांत शेवटी आणलं," ती म्हणाली. "तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाही."

"मी फार दमले हो, वन्सं."

ती आत गेली. मला वाटलं, आता झोपेल. दहा मिनिटांनी हिरवी साडी नेसून बाहेर आली. तिच्याबरोबर जावं म्हणून मी पुन्हा चपला शोधू लागले.

"नको," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही मागनं या."

समोर लिएनबाई खुर्चीवरून उठल्या. सुवर्णाने उजवा पाय आधी आत टाकला, आमच्या घरी माप ओलांडताना टाकला होता तसाच. मी इकडे आमच्या दारातच थांबले. बोलावणं येईपर्यंत थांबायचं होतं.