गजूमामानं बसवलेली छतं

छतावर चढलेला माणूस खालच्यांना बहिरा वाटतो. का वाटतो, मला माहीत नाही. पण तुम्ही एकदा शिडी चढून वर गेलात की घरातले लोक एकदम मोकळे होतात. जुनी टिनं उचकटल्यावर तर मधे काहीच उरत नाही. सासू सुनेबद्दल काय म्हणते, म्हातारा पोराला जमिनीबद्दल काय खोटं सांगतो, सगळं चुलीच्या धुरासारखं वर येतं. त्यामुळे आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. पन्हाळीत पाला साचतो तसे साचतात, आणि काढले नाहीत तर वास मारतात. म्हणून थोडे काढतो.

आम्ही तिघं. गजूमामा, म्हणजे माझ्या आईचा सख्खा मोठा भाऊ, तो ठेकेदार. शकीलभाई वेल्डर. आणि मी, पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेला, म्हणून मामाच्या तोंडी ‘इंजिनेर’. काम टिनाच्या छतांचं. उन्हाळा संपता संपता अकोला-अमरावतीकडे वावधन येतं. म्हणजे असं वादळ, की त्यात आधी धूळ येते, मग छत जातं, आणि पाऊस आलाच तर त्यानंतर. मग आमचा फोन वाजायला लागतो.

भानगड एकच. उडालेल्या छतांमध्ये आम्ही बसवलेली छतं जरा जास्त असतात. लोक म्हणतात, “गजू नट ढिले ठेवते. छत उडालं की पुन्हा त्यालेच बोलवा लागते.” हे मी तोंडावरही ऐकलंय आणि छतावरूनही ऐकलंय. यंदा ते खरं की खोटं हे मला कळणं भाग होतं. कारण पावसाआधी आमच्याच घराची टिनं बदलायची होती. बाबा नाहीत. आई भाजी पिकवते, विकते. तिचा लसूण, कांदा, बियाणं, झोपायची खाट, सगळं त्या एका छताखाली. आणि आईचं ठरलेलं होतं: छत बसवेल तर माझा भाऊच बसवेल.

* * *

जठारपेठेत एक रिटायर्ड गुरुजी आहेत. त्यांचा जगात कोणावरच विश्वास नाही, आणि हे ते पदवी मिळाल्यासारखं सांगतात. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीला आम्ही टिनं टाकली. दिवसभर गुरुजी छत्री घेऊन समोर खुर्चीवर. काम संपल्यावर त्यांनी शेजारच्या भिंतीवर कॅमेरा लावला, तोंड थेट आमच्या छताकडे.

मामानं विचारलं, “चोराची भीती हाय का, गुरुजी?”

“तुमची हाय,” गुरुजी म्हणाले. “मांगून येऊन नट खोलून जासान.”

वावधन आलं. छत गेलं. कॅमेरा राहिला. गुरुजींनी मामाला बोलावून मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. “पाय गजू, नीट पाय. हुक आंधी निंगला. पत्रा मंग उचलला. यात वारा कुठी दिसून राह्यला?”

मामानं ते मागं-पुढं करून बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे मोबाइल परत दिला. “गुरुजी, वारा फोटोत येत नसते.”

गुरुजींनी मोबाइल खिशात टाकला. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस! छताचं काम पुन्हा आम्हालाच मिळालं. तो व्हिडिओ मी नंतर निवांत पाहिला. पत्र्याला खालच्या पाइपाशी धरून ठेवणारा नटाचा हुक खरंच आधी निघाला होता.

* * *

बडनेऱ्याच्या पुढं एका खेड्यात टिनांवर आतल्या बाजूनं नाव रंगवायची पद्धत आहे. भांड्यांवर घालतात तसंच. वावधन आलं की टिनं कोणाच्याही वावरात जाऊन पडतात, मग दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आपापली टिनं हुडकत फिरतं, हरवलेली गुरं हुडकावीत तसं. नाव बघायचं, उचलायचं, घरी न्यायचं.

त्या गावातली एक बडी असामी. गळ्यात तुळशीची माळ, भांडणं मिटवायला गाव त्यांच्याकडे जातं. त्यांच्या गोठ्यावरची काही गंजलेली टिनं बदलायला आम्ही गेलो. मी एक पत्रा उलटा केला. आत निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: ‘भजनी मंडळ, मारुती मंदिर.’ दुसरा उलटला. तोच मजकूर. तिसऱ्यावरही.

मी वरूनच विचारलं, “काका, हे त देवाचे पत्रे दिसतेत.”

काका जराही हलले नाहीत. “देवाचेच हायेत. देवानंच धाडले. मांगच्या वावधनात उडत आले अन् अलगद गोठ्यावर बसले.”

“हुकासकट?”

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते मामाकडे वळले. “गजू, हे पोट्टं शिकेल हाय काय?”

“अर्धं,” मामा म्हणाला.

“मंग ठीक हाय.”

मामानं तिन्ही पत्रे माझ्या हातातून घेतले, नाव खाली करून पुन्हा जागेवर बसवले, आणि परत येताना एवढंच बोलला, “छतावर दिसलं ते छतावर ठेवा लागते, इंजिनेर.” याच माणसाला मी आमच्या घरावर चढू देणार होतो.

* * *

अमरावतीत दोन भावांचं एक घर. वाटण्या झाल्या, मधे भिंत उभी राहिली, पण छत एकच. ते बदलायचं ठरलं. आता टिन बसवताना एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवावी लागते. ज्याची कड वर, त्याच्याकडचं पाणी खालच्याकडे जातं. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी थोरला मामाला बाजूला घेऊन गेला. “माया पत्रा वर पायजे. तो नालायक हाय, त्याच्याकडं जाऊ द्या पाणी.” मामा म्हणाला, “बरं.” दुपारी धाकटा चहा घेऊन आला. “दादा मले नेहमी खालीच दाबून ठेवते. माया पत्रा वर ठेवजा.” मामा म्हणाला, “बरं.”

मी म्हटलं, आता कसं? मामानं काय केलं? वरून खालपर्यंत एक पत्रा थोरल्याचा वर, पुढचा धाकट्याचा वर, पुन्हा थोरल्याचा. असं छत मी पुस्तकात पाहिलं नाही, पुढंही पाहणार नाही.

अवकाळी पाऊस पडल्यावर थोरल्याचा फोन आला. स्पीकरवर होता. “गजूभाऊ, घरात धार लागली ना.”

“धाकल्याकडंबी लागली,” मामा म्हणाला.

थोरल्यानं आवाज खाली आणला. मग, “त्याच्याकडंबी? खरं सांगून राह्यले?”

“जाऊन पाहा.”

“पाहाची गरज नाई. राहू द्या मंग तसंच.”

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. शब्द न् शब्द तेच.

* * *

गुरुकुंज मोझरीच्या अलीकडे एक आजोबा भेटले. त्यांना गॅरंटी कार्डावर सही नको होती, शपथ हवी होती. “सही त कोनीबी करते. डोक्यावर हात ठेवून सांग, छत टिकन म्हणून.”

मामानं एक क्षणही घालवला नाही. हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. “माया भाच्याची आन. टिकन.”

पुढच्या वावधनात ते छत शेजारच्या संत्र्याच्या बागेत सापडलं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, आता तरी चिडेल. आईनं मेथीची जुडी बांधता बांधता विचारलं, “तुले ताप-गीप त नाई ना?”

“नाही.”

“मंग झालं. आंघोळ करून घे डोक्यावरून.”

“आई, त्यानं माझी शपथ घेतली.”

“मामा हाय तो तुया,” आई म्हणाली. “परक्याच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवन काय?”

आमच्याकडे मोठ्या माणसांचं असं आहे. त्यांनी काहीही केलं की त्याला आधी नातं चिकटवायचं. नातं चिकटलं की खरं-खोटं बघायची गरज उरत नाही.

* * *

मग मी शकीलभाईला धरलं. दोघंच चहा पीत होतो. सरळ विचारलं, मामा नट ढिले ठेवतो का?

शकीलभाईनं बशी खाली ठेवली. “देख भांजे, मैं वेल्डर आदमी. जोड़ मेरा, नट उनका. जोड़ की बात पूछ.”

“तुम्हाला दिसत तर असेल ना?”

“वेल्डिंग करते टाइम काला काँच रहता आँख पे. कुछ नहीं दिखता.”

“आणि वेल्डिंग नसताना?”

“तब मैं देखता नहीं.”

त्याच आठवड्यात आमचं एक छत गेलं. नुसती टिनं नाही, खालच्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्यासकट अख्खं उचललं गेलं आणि तुरीच्या वावरात जाऊन उताणं पडलं. घरमालक डोक्याला हात लावून बसलेला. त्याची बायको आम्हाला शिव्या देत होती. शकीलभाई शांतपणे वावरात उतरला. प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. मग मान वर करून त्या बाईला म्हणाला, “बहनजी, एक भी जोड़ नहीं टूटा.”

आणि त्याला खरंच वाटत होतं की ती त्याला शाबासकी देईल.

* * *

शेवटी मामालाच विचारलं. मोटरसायकलवर, मागं बसून, म्हणजे त्याला उठून जाता येऊ नये.

“मामा, तुम्ही नट पूर्ण आवळत नाही. मी पाहिलंय.”

“मंग?”

“मंग काय? काहून?”

“तुया कालेजात शिकोलं नाई का? टिन उन्हात फुगते. नट गच्च आवळला त ते फुगून जाईन कुठी? हुकापाशी चिरते मंग. थोडी मोकळीक ठेवा लागते.”

आता हे खरं आहे. धातू तापला की फुगतो, एवढं कळेपर्यंत मी कॉलेजात होतो. अकोल्याच्या उन्हात तर माणूससुद्धा फुगतो. पण खरं बोलणं हीसुद्धा लबाडीची एक पद्धत असते, हे मी मोठ्यांकडे बघून शिकलोय.

“किती मोकळीक?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक पाहून,” मामा म्हणाला.

रात्री आईला म्हटलं, दुसरा ठेकेदार बघू. आईनं ताट माझ्यासमोरून ओढून घेतलं. “माया भावावर संशय घेतं? तो नसता त त्या कालेजातून पळून आल्यावर तुले उभं कोनं केलं असतं?” त्यानंतर घरात तो विषय बंद.

* * *

आमचं छत झालं. मामानं त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. टिनं त्यानं स्वतः निवडून आणली होती. मला वर येऊ दिलं नाही. “तू खालून सामान दे,” म्हणाला. शकीलभाईला नुसतं दोन ठिकाणी वेल्डिंग करायला लावलं आणि घरी पाठवून दिलं. वर एकटाच होता, भर उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. खालून मला नुसता पान्याचा आवाज येत होता. मी तो आवाज ऐकत होतो आणि प्रत्येक नटापाशी मला वाटत होतं, आता थांबला. इथं थांबला. हा ढिला राहिला.

काम संपल्यावर आईनं त्याला जेवायला वाढलं. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. आग्रह करकरून वाढलं. “दादा, अजून घे.” “दादा, तू होता म्हणून झालं.” मामा जेवला, हात धुतला, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीवर बसला. आई रस्त्यापर्यंत गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभी राहिली.

मग आत आली आणि पदर खोचत म्हणाली, “शिडी हाय ना अजून? पाना घे अन् वर जा. एकोएक नट हालवून पाय.”

“तूच तर म्हणत होती, माया भावावर संशय...”

“भाऊ माया हाय. नट काई माये भाऊ नाईत. चढ.”

मी चढलो. टिनं तापलेली, गुडघे टेकवत नव्हते. एका कोपऱ्यातून सुरुवात केली. पाना लावला, नट हलला नाही. पुढचा. हलला नाही. नटाच्या वायसरखाली गळू नये म्हणून डांबर भरलेलं. पूर्ण छत फिरलो. कुठं बोटभर फट नाही. ज्या बाजूनं वावधन येतं त्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांत तर मामानं हुक दुहेरी मारले होते. आम्ही इतकी छतं केली, दुहेरी हुक मारताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

मी खाली उतरलो. खरं सांगतो, बरं वाटलं होतं. म्हातारा निदान बहिणीशी तरी नीट वागला.

“एकबी ढिला नाई,” मी म्हटलं.

“एकबी?”

“एकबी नाही. कोपऱ्यात दुहेरी हुक मारलेत.”

आई ओट्यावर बसली. मला वाटलं, डोळे पुसेल. पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“दुहेरी?” तिनं पुन्हा विचारलं.

“हो.”

“आमच्या बापाचं घर त्यानंच शाकारलं होतं,” आई म्हणाली. “तिथंबी त्यानं इतकं केलं नोतं.”

तिनं मान वर करून पुन्हा नव्या छताकडे पाहिलं. मग ओट्यावर पडलेला आईचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर ‘दादा’.

आईनं तो उचलला नाही. पालथा केला.

“वाजू दे,” ती म्हणाली. “आता याच्या बदल्यात काय मांगते, काय मालूम.”