कोठ्याची घरपट्टी

आमच्या कार्यालयात किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. ते अर्जांसारखे येतात, टेबलावर साचत जातात आणि कोणी निकाली काढत नाही. ओळखीचं कोणी चहाला टेकलं की एकातून एक निघायला लागतात. ऐकणारे हसतात, सांगताना मीही हसतो. पण खरं सांगू का, यातला एकेक किस्सा घडत होता तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

मी केजला भाऊसाहेबांच्या संपर्क कार्यालयात बसतो. भाऊसाहेब दिल्लीत वरच्या सभागृहात खासदार आहेत. त्यांची पत्रं, प्रश्न, भाषणं, शोकसंदेश, सगळं माझ्या हातचं. 'ग्रामविकासाचा बुलंद आवाज' ही त्यांची ओळख फ्लेक्सवर पहिल्यांदा लिहिली तीही मीच. आता ती खोडता येत नाही.

*

सुरुवात हरिबामामांपासून करावी लागेल. दिंद्रुडकडे जाताना रस्त्यालगत एक गाव लागतं. नाव सांगत नाही, माझे पाव्हणे आहेत तिथं. त्याच गावात भाऊसाहेबांचं शेतातलं दुमजली घर आहे आणि त्याच गावात हरिबामामा शेरडं-मेंढरं राखतात. मामा आणि मामी राहतात कोठ्यात. कोठा म्हणजे आमच्याकडे जनावरं बांधायची जागा. दगडाच्या तीन भिंती, वर पत्रे, एका बाजूला शेरडं आणि दुसऱ्या बाजूला मामीची चूल.

मामीला दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, जनावरांपासून लांब, बंद खोलीत झोपवा. म्हणून मामांनी घरकुलासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण ग्रामपंचायतीनं आकारणी करताना त्या कोठ्याला 'घर' म्हणून घरपट्टी लावली होती. घरपट्टी आहे म्हणजे घर आहे, आणि घर असलेल्याला घरकुल मिळत नाही.

मामा बाजारच्या दिवशी कार्यालयात आले, काठी दाराशी टेकवली आणि खुर्ची सोडून खाली बसले.

"साहेब, पंचायतवाले म्हणायलेत मला घर हाय," ते म्हणाले. "आसंल बी. पर कुठंशी हाय तेवढं दावा म्हणावं. म्हातारीला तिथं निजवतो."

मी त्यांना म्हणालो, भाऊसाहेब हा विषय थेट दिल्लीत मांडतील. साधं काम होतं. ग्रामसेवकाला एक फोन केला असता तर कदाचित झालं असतं. पण भाऊसाहेबांना फोन करायला आवडत नाही, विषय मांडायला आवडतो.

*

मी भाषण लिहिलं. मुद्दा एकच ठेवला: जनावरांच्या कोठ्याला घर समजून कर लावू नये आणि त्या कारणानं कुणाचं घरकुल अडवू नये. सभागृहात बोलायला मोजकी मिनिटं मिळतात म्हणून काटछाट करून एका पानात बसवलं. भाऊसाहेबांनी ते वाचलं, छान म्हणाले आणि खिशात ठेवलं.

भाऊसाहेबांची सगळी हयात गावच्या स्टेजवर गेली. तिथं एक रीत आहे. माइक हातात आला की आधी बसलेल्या सगळ्यांची नावं घ्यायची. एखादं राहिलं तर तो माणूस पुढची पाच वर्षं बोलत नाही. तीच सवय घेऊन भाऊसाहेब दिल्लीत उभे राहिले. सभापती महोदय झाले, मंत्री महोदय झाले, विरोधी बाकांवरचे ज्येष्ठ झाले. पहिल्या रांगेतल्यांना त्यांनी नावानिशी नमस्कार केला. मग शेजारच्या रांगेकडे वळले. समोर बसून कामकाज टिपून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांचंही त्यांनी स्वागत केलं. तेवढ्यात घंटा वाजली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "विषय मांडला बरं का," म्हणाले.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, कोठा आलाच नाही त्यात."

"आरं, पहिल्यांदा वळख तर होऊ दे," भाऊसाहेब म्हणाले. बातमी करून पाठवायला सांगितली. मी केली आणि छापूनही आली. हरिबामामांनी ती गावात कोणाकडून तरी वाचून घेतली आणि पुढच्या बाजाराला येऊन मला विचारलं, "माझं नाव घेतलं का?" सगळ्यांची नावं घेतली होती मामा, फक्त तुमचं राहिलं, असं मला सांगवेना.

*

बोलण्यात वेळ जातो म्हणून आम्ही लेखी प्रश्न टाकला. तीन महिन्यांनी छापील उत्तर आलं की घरपट्टी हा राज्याचा विषय आहे. आम्ही राज्याला लिहिलं. राज्यानं जिल्हा परिषदेकडे पाठवलं, जिल्हा परिषदेनं पंचायत समितीकडे आणि पंचायत समितीनं ग्रामपंचायतीकडे. शेवटी मीच गावात जाऊन ग्रामसेवकाला भेटलो. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला आणि सगळा कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"लई मोठा इषय केलाय तुमी याचा," तो म्हणाला. "आता दिल्लीतून काय येतंय त्ये बघू. त्याच्याआधी मी हात लावला तर माझ्यावर येईल."

"आधी लावला असता का हात?" मी विचारलं.

"आधी कुणी म्हणलंच न्हाई की," ग्रामसेवक म्हणाला आणि माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी परतताना मामी कोठ्याच्या दारात बसलेली दिसली. लांबून चालत आलेल्या माणसासारखा श्वास घेत होती आणि ती तर बसलेली होती.

*

आता अस्लमचा किस्सा. अस्लम म्हणजे भाऊसाहेबांचा ड्रायव्हर, बीडचाच. भाऊसाहेबांना वाटायला लागलं की आपलं म्हणणं दिल्लीला कळत नाही कारण आपण मराठीत बोलतो. ते खरं नव्हतं. दुभाष्या असतो, कानाला लावायचं यंत्र असतं. पण भाऊसाहेबांनी ठरवलं, यापुढे हिंदी. शिकवणी गाडीत, आणि मास्तर अस्लम.

अस्लमची हिंदी आपल्याकडची. तिच्यात 'हौ' असतं, 'नक्को' असतं, निम्मी मराठी असते. बाजारात ती उत्तम चालते. मी एकदा भाऊसाहेबांना सुचवलं की चांगला शिकवणारा बघू. ते म्हणाले, "आसलमची घरची भाषा हाय बे ती. तुझी हाय का?"

मी मागच्या सीटवर भाषणाचं पान धरून बसायचो. भाऊसाहेब एकेक शब्द विचारायचे आणि अस्लम स्टिअरिंगवरून नजर न काढता सांगायचा.

"आसलम, शेरडाला काय म्हणतेत?"

"बकरी, साहेब."

"पत्र्याला?"

"पत्राच."

"अन् कोठ्याला?"

"कोठाच, साहेब," अस्लम म्हणाला. "हमारे घर पे बी कोठाच है. दो भैंसां बांधतें."

मी पानावर 'कोठा' तसाच राहू दिला. दुसरा अर्थ मला तरी तेव्हा कुठं आठवला? आमच्याकडे कोठा म्हटलं की शेणाचा वास येतो, दुसरं काही मनात येतच नाही.

*

भाषणाच्या दिवशी हरिबामामांना मी मुद्दाम कार्यालयात बोलावलं. टीव्हीसमोर खुर्ची दिली आणि ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. भाऊसाहेब उभे राहिले. यावेळी नमस्कार-चमत्कार नाही, थेट मुद्दा. मला अभिमान वाटला, अगदी थोडा वेळ.

"सभापती महोदय," भाऊसाहेब म्हणाले, "मेरे जिले में हर किसान का अपना एक कोठा होता है."

मागच्या बाकावरून कोणीतरी खोकलं.

"किसान दिनभर खेत में मेहनत करता है और रात को कोठे पे सोता है. उसकी घरवाली भी उसके साथ कोठे पे ही रहती है."

आता सभागृह हसायला लागलं. उत्तरेत कोठा म्हणजे नाचगाण्याची बदनाम माडी, हे मला त्या क्षणी आठवलं. भाऊसाहेबांना वाटलं, विषय पोचतोय. त्यांचा आवाज चढला.

"यह हसने की बात नहीं है! मेरे पिताजी ने सारी जिंदगी कोठे पे निकाली. मैं खुद कोठे पे पैदा हुआ हूँ. और सरकार उस कोठे पे टैक्स लगाती है!"

सभापतींनी चष्मा काढून डोळे पुसले. बाकं वाजवली गेली. विरोधकसुद्धा वाजवत होते.

हरिबामामा टीव्हीकडे बघत होते. कोणी मारामारी करत नाही आणि सगळे हसतात, एवढंच त्यांना दिसत होतं.

"हासायलेत कावून?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, "मामा, त्यांच्याकडं कोठा नसतो."

मामा पुन्हा टीव्हीकडे वळले. "मंग शेरडं कुठं बांधतेत?" ते म्हणाले.

*

तो व्हिडिओ कुठं कुठं फिरला हे सांगत बसत नाही. भाऊसाहेबांनी आठवडाभर फोन बंद ठेवला. अस्लमला काढून टाका असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण भाऊसाहेब म्हणाले, "त्याच्या घरी हाय की कोठा. खोटं कुठं बोलला त्यो." माणूस म्हणून भाऊसाहेब वाईट नाहीत. माझी सगळी अडचण तीच आहे.

पण झालं असं की दिल्ली हसली आणि गाव घाबरलं. खासदारांचं हसं आपल्या कोठ्यावरून झालं म्हणून ग्रामपंचायतीनं घाईघाईनं ठराव केला: जनावरांच्या कोठ्याला घरपट्टी माफ. पेंटर लावला. ज्याचा कोठा, त्याच्या भिंतीवर पिवळ्या रंगात 'कोठा, कर माफ' आणि नंबर. ज्याचं घर, त्याच्या भिंतीवर निळ्या रंगात 'घर'.

महिन्याभरात गावातली घरं संपत आली. पतसंस्थेच्या संचालकाची माडी कोठा झाली. किराणा दुकान कोठा झालं. एकाच्या दारात कुलर आणि दोन मोटारी होत्या, त्याच्याही भिंतीवर पिवळा रंग आला. मी ग्रामसेवकाला विचारलं, "यांच्याकडे जनावर कुठंय?" तो म्हणाला, "कुत्रं हाय."

आणि हरिबामामांच्या भिंतीवर निळ्या रंगात 'घर' लिहिलं होतं.

मी तिथंच उभा राहून ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नव्हतो. हा एक खरा कोठा आहे गावात, ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तोच कसा राहिला? ग्रामसेवक शांत होता. "त्यांचं आधीच कम्प्युटरला घर म्हणून चढलंय. सिस्टीम मागं घेत न्हाई. बाकीच्यांचं नवीन चढवलं."

मामी आतून खोकत होती. मामा मला म्हणाले, "तुमी नगा वरडू साहेब. बीपी वाढंल." आणि पेंटरला काय लिहिलंय ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

*

ठराव झाला म्हणून गावानं भाऊसाहेबांचा सत्कार ठेवला. जागा, भाऊसाहेबांच्या शेतातल्या दुमजली घराचं अंगण. मी सकाळीच पोचलो आणि फाटकाच्या खांबापाशी थांबलो. पिवळा रंग अजून ओला होता. 'कोठा क्र. १, कर माफ.'

भाऊसाहेबांना विचारलं तर त्यांना पत्ताच नव्हता. सरपंचानं आपुलकीनं करून टाकलं होतं. आता पुसायचं तर सगळा गाव बघणार. मी अस्लमला हाक मारली आणि दोघांनी मिळून त्या खांबावर सत्काराचा फ्लेक्स टांगला. 'ग्रामविकासाचा बुलंद आवाज.' बरोबर अक्षरांवर बसला.

शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. भाऊसाहेब माइकपुढे उभे राहिले आणि एकेकाचं नाव घ्यायला लागले. निम्मी नावं झाली असतील, तेवढ्यात रस्त्याकडून घंटांचा आवाज आला. हरिबामामा येत होते, डोक्याला धुतलेला पटका, आणि पुढं सगळी शेरडं. ती सरळ फाटकातून आत शिरली. खुर्च्यांमधून, फरशीवरून, पायऱ्यांवरून. एक बोकड स्टेजवर चढला आणि हारातली फुलं खायला लागला.

भाऊसाहेब माइकवरूनच म्हणाले, "मामा, आरं ही शेरडं हितं कावून आणली?"

मामा फाटकाशी थांबले. काठीच्या टोकानं त्यांनी फ्लेक्सचा कोपरा वर उचलला. सगळ्या अंगणाला पिवळी अक्षरं दिसली.

"गावानं लिवलंय, साहेब," मामा म्हणाले. "माझ्याकडं घर हाय अन् तुमच्याकडं कोठा. म्हातारीला डॉक्टरनं सांगितलंय, घरात निजायचं, शेरडाबिगर. ती आजपसून घरात निजंल."

कोणी हसलं नाही. मामांनी अंगणभर नजर फिरवली.

"दावण कुठंशी हाय, साहेब?"