नीट करून आणलेला फोन

कुडपणला जाणाऱ्या जीपमध्ये त्या दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील माझ्या शेजारीच बसले होते. मी पोलादपूर तालुक्यातल्या शाळांतून फिरणारी विशेष शिक्षिका. त्यांच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही, आणि ती नुकतीच दहावी पास झाली होती. तिला अकरावीला महाडला पाठवायचं की घरी ठेवायचं, यावर घोडं अडलं होतं. "तितं तिला वाचून कोण दाखवंल?" एवढं एकच वडील म्हणत. ती फोनवर स्वतःचं स्वतः वाचते, हे मी त्यांना चार वेळा सांगितलं होतं; पण कानात वायर घालून पोर गाणी ऐकते, अशीच त्यांची समजूत. आज त्यांच्या डोळ्यांसमोर तिला वाचायला लावायचं, असं ठरवून मी निघाले होते.

तेवढ्यात त्यांनी पिशवीतून तोच फोन काढला.

"बाई, म्हाडला नेऊन नीट करून आणला. बोट लावलं की नुसता बडबडायचा, फोन काय लागायचा नाय. दुकानवाल्यानं सगळा पुसून कोरा करून दिला. आता बघा, एक शब्द बोलत नाय!"

मी कपाळावर हात मारला. काचेवर बोट फिरवलं की तिथलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, यासाठीच तर तो फोन तिच्याकडे होता. मग काय, घाट संपेपर्यंत मी त्यांना असं झापलं की ड्रायव्हरनं लावलेली गाणी बंद केली. मुलीसाठी एवढी खेप घातलेला माणूस तोंड पाडून बसला, तरी माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. रागावले की मला भान राहत नाही.

घरी पोचल्यावर मी रडवेल्या आवाजात तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "द्या इकडं." आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, अशी दोन्ही बटणं तिनं एकदम दाबून धरली. फोन बोलायला लागला! ही सोय मीच तिला पूर्वी चालू करून दिली होती, तीही चष्मा सावरत, अर्धा तास धडपडून. हा जवळचा रस्ता मला ठाऊकच नव्हता.

"पुस्तकं परत उतरवून घेता येतील," ती म्हणाली, "आणि टिपणं माझ्या डोक्यात हायत." मग अंगणाच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथं जाऊन तिनं हवं ते पुन्हा फोनमध्ये घेतलं. वडील दारात उभे राहून बघत होते.

मी कॉलेजचं माहितीपत्रक तिच्या हातात दिलं. तिनं ते ओट्यावर सपाट केलं, वर फोन धरला, एकेका पानाचा फोटो काढला. फोन इतक्या भरभर वाचायला लागला की मला त्यातला एक शब्दही धड कळेना. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. ती मात्र मान जराशी कलती करून शांत ऐकत होती. "दोन पानं झाली," ती म्हणाली. "शनिवार शेवटचा दिवस हाय. वसतिगृहाचा अर्ज वेगळा भरायचा."

मी पत्रक उलटून पाहिलं. सगळं बरोबर होतं. पाच वर्षं मी हिला छापील कागद वाचून दाखवत आले, एकेक ओळ, थांबून थांबून, वर दोनदा. आणि हिला डोळे आपण दिले, असं मनात धरून बसले. या वेगानं ऐकणाऱ्या पोरीनं माझं ते वाचन किती सोसलं असेल! लाज वाटली, आणि त्याहून जास्त थक्क झाले.

वडील ओट्याशी आले. "मला नाय कळलं. मला कळंल असं लाव गो."

तिनं वेग उतरवला. शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. वडील उकिडवे बसून ऐकत राहिले: दाखले, नियम, जेवणाच्या वेळा. एकदा म्हणाले, "मागं घे जरा." तिनं मागे घेतलं. फोन थांबल्यावरही ते काही वेळ त्याच्याकडे बघत होते.

"पालकानं संगती यायला लागंल म्हणतोय तो," ते मुलीला म्हणाले. "शनवारी पयल्या गाडीनं निघू."