जारच्या पाण्यातले मासे

मासे मेले त्या दिवशी ममताला घरात थेट पाय ठेवता येत नाही. सारंगखेड्याजवळच्या त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि पोरगी शहाद्याच्या कॉलेजात पगार घेऊन मासे मारते, हे तिच्या आईच्या, गजराबाईच्या, अजून घशाखाली उतरलेलं नाही. ममता एस.टी.तून उतरून अंगणात आली की ओट्यावरून प्रश्न येतो, "आज बी मासा मारी उनी का?" हो म्हटलं की, "मंग पहिले आंग धोय, मंग घरमा ये." मग मागच्या मोरीवर अंघोळ, थंडी असो की ऊन.

आईला शिसारी येते ती मरणाची. ममताला येते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती साबणाने जात नाही.

केळीवर फवारायला झिंकची एक पूड निघाली आहे. नॅनो म्हणतात तिला, कारण तिचे कण डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. पावसाने ती धुपून तापीत उतरली तर मासे किती सोसतील, हे टाक्यांमध्ये बोटभर मासे सोडून पाहायचं, असं ममताचं काम. कुणीतरी हे पाहायलाच हवं, यात तिचा वाद नाही. नदी तिच्याच गावाची.

पण कामावर रुजू झाली आणि तिला कळलं की ही चाचणी आधी दोनदा झालेली आहे. तीच पूड, तेच मासे. पहिल्या गड्याने निकालाचा तक्ता मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, आणि फोटोत एका रकान्यावर त्याचाच अंगठा. दुसऱ्याने आकडे नीट टाइप केले, पण पुडीचे कण केवढे, ते नाही. पाणी कुठलं, ते नाही. नुसतं 'पाणी'. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यात ही पूड गोळा होऊन तळाशी बसते, हलक्या पाण्यात पसरून राहते. पाणी माहीत नसेल तर त्या आकड्यांचा कुणाला काडीचा उपयोग नाही. म्हणजे दोन खेपांचे मासे फुकट मेले आणि तिसरी खेप ममताच्या हातून मरणार. अंगठ्यापायी! ममताला शिसारी आली ती याची.

त्यात तिने स्वतःही घोळ घातला. कॉलेजच्या बोअरचं पाणी खारट. इकडे पाहुणा आला की त्याच्यापुढे जारचं थंड पाणी ठेवतात. ममताने माशांनाही तोच मान दिला. जारच्या पाण्यात यंत्राने गाळून गाळून क्षारच उरलेले नसतात, आणि क्षारांवाचून मासा तगत नाही. दुसऱ्या सकाळी सगळ्या टाक्यांतले मासे उताणे होते, जिच्यात पूड टाकलीच नव्हती त्या टाकीतलेसुद्धा.

विभागाचे हेमकांत सर टाकीत वाकून न बघताच म्हणाले, "ही खेप धरूच नकोस. रिपोर्टात वाईट दिसतं."

ममताने ती धरली. नंतर तापीचं पाणी आणून सगळं पुन्हा केलं, आणि कम्प्युटरवर एक स्वच्छ तक्ता मांडला: कण केवढे, पाणी कुठलं, त्यात क्षार किती, आणि जारच्या पाण्यात काय झालं तेही. मग सरांना म्हणाली, "सर, हे सगळ्यांना उघडं करू या. दुसऱ्या कुणाला पुन्हा मासे मारायला नकोत."

सर हसले. "आपण रांधायचं आणि लोकांनी जेवायचं? आधी आपला लेख छापून येऊ दे."

लेख छापून यायचं नाव नाही. मात्र दुसऱ्या कॉलेजांचे तक्ते कुठे मिळतात का, हे सर ममताकडून दर आठवड्याला शोधून घेत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! ज्या गावात केळीचे कंद शेजाऱ्याला मागितल्यावर कुणी नाही म्हणत नाही, त्या गावची ती. सरांच्या केबिनमध्ये चहा पुढे आला तरी तिला घोट घेववत नसे.

मग एके दिवशी विदर्भातून फोन आला. तक्ते शोधताना ममताने जिथे जिथे नंबर ठेवला होता, त्यातल्याच एका कॉलेजातली प्रतिभा नावाची मुलगी, तिच्यासारखंच काम करणारी, तीच पूड हातात. "ताई, माझे मासे साध्या पाण्यातच मरताहेत. काही कळेना. सोमवारी नवीन खेप सोडायची आहे. तुमच्याकडे काही आहे का?"

"जारचं पाणी वापरतेस का गं?"

"हो."

तक्ता पाठवायला सरांनी नाही म्हणून सांगितलं. ममताने तरीही पूर्ण तक्ता पाठवला, वर सरांचं नाव घालून. सरांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "मार्चनंतर तुझी गरज लागेल असं वाटत नाही," एवढंच बोलले आणि फाइल चाळायला लागले. ममता खाली मान घालून ऐकत होती, पण मनात म्हणत होती, जाऊ दे नोकरी, टाकीभर जीव तरी वाचले.

मंगळवारी दुपारी प्रतिभाचा फोन आला. आवाज पडलेला.

"तुमचा तक्ता आमच्या सरांना दाखवला, ताई. इतका नीट तक्ता पाहिला नाही म्हणाले. पण म्हणाले, दुसऱ्याचे आकडे आपल्या रिपोर्टात चालत नाहीत. आपले मासे आपणच मारायचे."

"मग?"

"मारले. नदीचं पाणी घेतलं, म्हणून बिनपुडीच्या टाकीतले तेवढे जगले. बाकी तुमच्या तक्त्यात आहे तसंच झालं. अगदी तसंच."

त्या दिवशी शहाद्याच्या टाक्या रिकाम्या होत्या. तरी संध्याकाळी घरी आल्यावर ममता ओट्यावर थांबलीच नाही. सरळ मागे गेली आणि मोरीवर बसून डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओतू लागली. गजराबाई चकित होऊन दारात आली.

"आज ते मासा नव्हतात ना?"

"व्हतात, माय," ममता म्हणाली. "आठे नही, तठे."