बायाक्काचा तिसरा हात

वडगावच्या विणकर गल्लीत बायाक्काला समोरासमोर सगळे 'आक्का' म्हणत आणि पाठ वळली की 'थोटी'. काही जणांना तर पाठ पुरती वळेपर्यंतही दम निघत नसे.

उजवा हात कोपराखाली चार बोटं उरला होता. बाकीचा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात गेला. सासरी असताना ती जिनात कामाला जायची. एक दिवस पदर पट्ट्यात सापडला, तो सोडवायला तिनं हात घातला. जिनवाल्यानं तिला नवं लुगडं दिलं आणि सासरच्यांनी ते लुगडं नेसवून तिला माहेरी पोचवलं. जिन चालू राहिला, नवरा दुसरी करून चालू राहिला. बसवून ठेवलं ते बायाक्काला.

बसवली म्हणजे आराम नव्हे हं. धाकटा भाऊ तम्मण्णा याच्या घरी ती कांड्या भरायची. धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या त्या. डाव्या हातानं चरखा, पायाच्या अंगठ्यात सूत. गल्लीतल्या बायका हे बघायला मुद्दाम यायच्या, च्च् च्च् करायच्या आणि चहा पिऊन जायच्या. चहा कोण करायचं? बायाक्काच. कीव करून करून घसा सुकतो ना माणसाचा!

विणायचं मात्र नाव काढायचं नाही. जुन्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा एका हातानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. तिथं एका हाताचं काय चालणार? पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोन-तीन वर्षं तम्मण्णानं गल्लीत पहिला खटक्याचा माग आणला. दोरीला झटका दिला की धोटा आपला आपण इकडून तिकडं पळतो. म्हातारे विणकर म्हणाले, "हे विणणं न्हवं, देवळातली घंटा वाजवणं हाय." तम्मण्णाला त्यात दुप्पट काम दिसलं. बायाक्काला त्यात एवढंच दिसलं की दोरी ओढायला एक हात पुरतो.

उरलं आडवा धागा घट्ट बसवायला फणीची चौकट पुढं ठोकणं. त्याला जोर लागतो, बोटं लागत नाहीत. तिनं जोडे शिवणाऱ्या भरमूकडून चामड्याचा एक पट्टा शिवून घेतला, तो चौकटीला बांधला आणि त्यात थोटा हात घालून बघितला. चौकट आली की पुढं!

तम्मण्णा यल्लम्माच्या डोंगराला गेला तेव्हा ती मागाच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरली. भावजय मालुबाईनं बघितलं, पण ती शहाणी, पोळ्या लाटत राहिली.

तम्मण्णा परत आला तर लुगडं हातभर वाढलेलं. त्यानं बोटांनी पोत चाचपला.

"कुणी विणलं गं हे?"

"भुतानं," मालुबाई म्हणाली.

"भुताची ठोक लई बरी हाय की! कुणाचं भूत?"

"तुमच्या भनीचं. अजून जिती हाय ती."

झालं! मघाशी जो पोत लई बरा होता तो एकदम विटाळला.

"आक्का, खुळी हायस काय? ह्या मागावर लग्नाची लुगडी निघत्यात. थोट्या हाताचं लुगडं नवरीच्या अंगावर घालतील व्हय लोक?"

"आन् त्यातलं सूत कुठल्या हातानं भरलंय रं?"

"ते आत असतंय. दिसत न्हाय कुणाला."

आता बोला! थोटीची मेहनत नवरीच्या अंगभर चालते, फक्त दिसता कामा नये. अशा बुद्धीला ओवाळायला पंचारतीसुद्धा कमी पडेल.

गोष्ट खडेबाजारात पोचली. तिथले नागोजीशेट गल्लीची लुगडी घेत आणि उरल्या वेळात दीनदया मंडळी नावाची संस्था चालवत. शेटना दया आली. मुंबईहून त्यांनी लाकडी हात मागवला. देवळात सभा भरली, हार झाले, विज्ञानाच्या चमत्कारावर भाषण झालं. हात गोरापान, नखं गुलाबी. बायाक्का सावळी; मडमेकडनं उसना आणल्यासारखा दिसत होता. शेट म्हणाले, "आजपासून ही बाई पुरी झाली! आता हिनं विणलेलं लुगडं मी घेईन. मात्र हा हात लावूनच विणलं पाहिजे." टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं तिला सांगितलं, डावा हात पदराखाली घे. म्हणजे चालता हात झाकायचा आणि मेलेला दाखवायचा. तुला काय हवं, हे त्या सभेत एकाही शहाण्यानं तिला विचारलं नाही.

हात लावून ती मागावर बसली. लाकडी हातामुळं थोटा हात पट्ट्यात शिरेना, चौकट आता लागेचना. लाकडी बोटं ताण्यात अडकायची, धागे तटातट तुटायचे. खांद्याला वादीनं वळ उठले.

"सवय हुईल," तम्मण्णा म्हणाला.

"तू उद्या लाकडाचा पाय बांध आन् पळून दाखव. मग मला सवय सांग."

हात लावला तर बसायला मुभा, पण विणता येईना. काढला तर विणता येई, पण बसायची मुभा नाही. रागानं तिचं डोकं तापलं. तिनं दातानं वाद्या सोडल्या, दोरीच्या टोकाची लाकडी मूठ काढून टाकली आणि त्या जागी गोरा हात मनगटानं बांधला. मग त्याच्याशी हातमिळवणी करून दिला झटका. धोटा सुटला सुसाट!

तम्मण्णा कपाळाला हात लावून बसला. "आक्का, शेटला कळलं तर?"

"शेटला हात दिसाय पायजे, मला काम पायजे. दोघांचं बी झालं."

शेटना कळलं खंडेनवमीला. विणकराच्या घरी त्या दिवशी मागाची पूजा. लुगडं न्यायला आलेल्या शेटनी तो लोंबता हात बघितला आणि ते लालबुंद झाले.

"देणगीचा हा अपमान?"

"शेटजी, ह्याच मागावर मी विणलेलं लुगडं तुमच्या दुकानातनं अनगोळच्या नवरीनं नेलं. नांदतीया न्हवं ती?"

अपमान झाला होता खरा, पण लुगडं देखणं होतं. दोन्ही काखेत मारून शेट गेले.

मग तम्मण्णानं पूजा मांडली. फणीला हळद-कुंकू लावलं, धोट्याला लावलं, त्या गोऱ्या लाकडी हातालाही लावलं. ताट खाली ठेवणार, तोच बायाक्कानं आपला थोटा हात पुढं केला.

"ह्याला ऱ्हायलं."

तम्मण्णाचं कुंकवाचं बोट तसंच राहिलं. दारात गल्ली जमली होती, नेहमीची, चहाची.

"लावा की," मालुबाई म्हणाली.

त्यानं भिंतीकडं बघत बोट पुढं नेलं. बायाक्कानं हात मागं घेतला.

"तिकडं बघून न्हवं, तम्मण्णा. हिकडं बघून लाव."