ताईची रजा, माझा खाडा

ताई कामावर गेली नाही की तिची रजा होते. मी गेले नाही की माझा खाडा पडतो. आम्ही दोघी एकाच आईच्या, एकाच शाळेतल्या, पाथर्डीच्या एकाच टायपिंग क्लासात एकाच मशीनवर बोटं बडवलेल्या, आणि माझा वेग तिच्यापेक्षा जास्त होता. हे मी आजही चारचौघांत सांगते. ती चार वर्षं आधी जन्मली, एवढीच काय ती तिची हुशारी. तिच्या वेळी भरती निघाली आणि ती पंचायत समितीत कारकून म्हणून कायम झाली. माझ्या वेळी भरती निघेचना. निघाली तेव्हा कंत्राटी निघाली, आणि तीही माझं वय उलटल्यावर. मग मी श्रीरामपूरला एका मोठ्या कापडदुकानात गादीवर बसले. तिथंच आहे. साड्या दाखवते.

दुकान वाईट नाही, शेठही वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, अंगात ताप असला तर चहा जास्त देतात. पण खाडा म्हणजे खाडा. त्या दिवसाचा पगार गेला. आणि लगीनसराईत लागोपाठ खाडे पडले, तर आपण परत जातो तेव्हा आपल्या जागेवर दुसरी कोणी घड्या घालत बसलेली असते. भांडण नाही, बोलणं नाही. शेठ एवढंच म्हणतात, "बाई, गिऱ्हाईक काय तुमच्यासाठी थांबतं का?" ते थांबत नाही, हे खरंच आहे.

मी साड्यांचे प्रकार सांगते तशी ताई रजांचे प्रकार सांगते. किरकोळ, अर्जित, वैद्यकीय. प्रत्येकीचा पोत वेगळा, वापरायचा प्रसंग वेगळा. वर काही रजा साठतात म्हणे. नाही वापरल्या तर वाया जात नाहीत, पुढच्या वर्षी तुमची वाट बघत असतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रात्री जेवण गेलं नव्हतं. दुकानात शेठ कधी कधी म्हणतात की सरकारी लोकांना बसून पगार, आणि मी सगळ्यांत आधी मान हलवते. ताईची रजा कमी व्हावी असं मला वाटत नाही. म्हणजे वाटतं कधी कधी. पण खरं सांगायचं तर मला तिची नको, माझी पाहिजे.

तर गेल्या लगीनसराईत आई तिसगावला अंगणात पडली. वडील गेल्यापासून ती एकटीच राहते. शेजारच्या चाचींनी तिला उचललं आणि आम्हाला फोन केले. खुब्याचं हाड मोडलं होतं. नगरला ऑपरेशन झालं, त्या दिवशी मी होते. तो एक खाडा. आईला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुढे महिना-दीड महिना जवळ माणूस पाहिजे. ताई म्हणाली, "मी रजा टाकते." इतक्या सहज म्हणाली, जसं आपण म्हणतो, मी चहा टाकते.

ती काष्टीच्या तिच्या घरून कपड्यांची पिशवी घेऊन तिसगावला गेली. मी श्रीरामपूरला शालू उलगडत बसले.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आज आईला वॉकरवर उभं केलं. आज आईनं भाकरी मागितली. एक दिवस म्हणाली, "आज आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली." मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन उभी राहिले. आईची वेणी घालायचं काम माझं होतं. लहानपणापासून माझं. ताईला ते कधी जमलं नाही, तिचा हात जड. गावातले लोक आईला बघायला यायचे आणि म्हणायचे, लेक असावी तर अशी. ती भरपगारी लेक आहे, हे कोणी म्हणत नव्हतं. मला पगार देऊन आईपाशी बसवलं असतं तर मीही तशीच लेक झाले असते. कदाचित तिच्याहून जरा चांगलीच.

आईला मात्र रजेवर भरवसा नव्हता. तिनं जन्मभर लोकांच्या रानात खुरपणी केली. तिला खाडा तेवढा कळायचा. पहिल्या आठवड्यात ती ताईला रोज हाकलायची, "जा बाई, खाडं पडत्याल." ताई समजवायची की ही रजा आहे, पगार चालू राहतो. आई विचारायची, "सायबाला ठावं हाय ना तू हितं हायेस ते?" मग ताईनं तिला रजा साठते तेही सांगितलं. आईला ते इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगत सुटली. धान्य साठतं, पाणी साठतं, तशी सुट्टी पण साठती म्हणं.

एक दिवस मला राहवलं नाही. शेठना म्हणाले, एकच दिवस. पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीत मी आणि ताई सारख्याच, तेवढीच एक जागा. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर नगर नगर असंच ओरडतो. तिथं गाडी बदलली, करंजीचा घाट उतरला, आणि मी घरात शिरले.

आई खाटेवर होती. अर्धी झाली होती. वेणी ताईनं घातलेली, गच्च, फायलीला दोरी बांधावी तशी. मी बोलण्याआधी ती सोडली आणि तेल घेऊन बसले. आई म्हणाली, "खाडा पाडून आलीस व्हय? कशाला आलीस? काम जाईल ना गं." आणि उठून बसायला लागली. मोडलेलं हाड घेऊन ती मला कामावर धाडायला निघाली होती.

तेवढ्यात ताई चुलीपासून म्हणाली, "पड गं आई. खाडा न्हाई तिचा. तिच्या दुकानात पन रजा सुरू झालीया आता."

आई थांबली. माझ्याकडे बघितलं. "खरंच?"

ताईनं चांगल्या मनानं सांगितलं, मला कळत होतं. त्याचाच राग आला. तिच्याकडे इतकी रजा की खोटीसुद्धा दुसऱ्याला वाटून द्यायला होती. पण आईचा चेहरा बघून मी हो म्हणाले. आईनं माझा तेलाचा हात घट्ट धरला आणि भिंतीपलीकडे हाक दिली, "ओ चाची, धाकटीला पन रजा हाय बरं का." मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि तेवढी दुपार मी रजेवर होते. आम्ही दोघी आईच्या दोन बाजूंना बसून जेवलो. मला कशाचीच घाई नसल्यासारखं मी सावकाश वेणी घातली, सोडली, परत घातली.

मग परतीच्या गाडीची वेळ झाली. मी पिशवी उचलली.

"कुठं चाललीस?" आई म्हणाली. "रजा हाय ना? मग ऱ्हा की चार दिस."

मी ताईकडे बघितलं. ताई परातीतल्या पिठाकडे बघत होती. खाडा आहे म्हणाले असते तर आईनंच मला उठवून लावलं असतं. त्या एका शब्दावर तिनं मला आजवर सगळं माफ केलं होतं, सणाला न जाणं, दुखण्याला न जाणं. तो शब्द आता माझ्याकडे नव्हता. मी म्हणाले, "दुकानात गर्दी हाय आई."

"रजा असून?" आई म्हणाली. ओरडून नाही, नुसतं विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "जा. दिस मावळायच्या आत पोच."

ताई स्टँडपर्यंत आली. म्हणाली, "मला वाटलं, तिच्या जिवाला घोर नको."

"तुझी रजा तुझ्यापाशीच ठेवायची होतीस."

"देता येत असती तर निम्मी दिली असती गं तुला." हे ती मनापासून बोलली, म्हणून मी तिच्याशी गाडी येईपर्यंत बोलले नाही.

आई आता काठी घेऊन चालते. ताई कधीच कामावर रुजू झाली. परवा भरगर्दीत आईचा फोन आला. गादीवर फोन चालत नाही, पण तिचा मी उचलते.

"तुझी ती रजा गं," आई म्हणाली, "तवा काढलीच न्हाईस. मग ती साठली असंल की."

"हो आई."

"साठू दे. आता नगं काढू, आता मी बरी हाय. मी पुन्ना आडवी पडले की मग समदी काढून ये."

मी हो म्हणाले, आणि समोरच्या बाईला पुढची साडी उलगडून दाखवली.