"ये" म्हटल्यावर न येणारं पिल्लू

उशीर झाला, माफ करा. नामदेवला जाऊन महिना झाला आणि मी आज लिहितोय.

त्याची पिल्लं बिबट्याने नेली नव्हती. मी नेली होती.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. चुकलं तर सांभाळून घ्या. गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकून हात जोडायचे, तेवढं सगळ्यांनी केलं. मलाही तेवढं करून सुटता आलं असतं.

नामदेव म्हणजे कवठ्याचा माझा शेतशेजारी. सणसवाडीला एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला होता. तिथे कुत्री सांभाळणारा एक माणूस होता, त्याच्याकडून हा कुत्री शिकवायला शिकला. रिटायर होऊन गावी आल्यावर हाच त्याचा उद्योग.

यंदा त्याच्या कुत्रीला चार पिल्लं झाली. डोळे उघडून पंधरा दिवस झाले नाहीत तर याची शाळा सुरू.

मी बांधावरून म्हणालो, "अरे, त्यांना धड चालता येईना, आन् तू उठबस शिकवतोय व्हय?"

"आप्पा, आत्ताच शिकत्यात. तुझ्याएवढी झाल्यावर कोण ऐकतंय?"

दूध-भाकरी घालायच्या आधी फक्त दोन-तीन मिनिटं.

भाकरीचा ओला तुकडा नाकापासून वर न्यायचा. पिल्लू वर बघतं, मागचं अंग आपोआप खाली टेकतं. टेकलं की लगेच "बस" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. दाबून बसवायचं नाही.

"थांब"ला तळहात पुढे. एक श्वासभर थांबलं तरी पुष्कळ.

"ये"ला मात्र तो स्वतः गुडघ्यांवर बसायचा, दोन्ही हात पसरायचा. चौघंही एकमेकांवर पडत, धडपडत यायची.

"ह्या शब्दाला लई जपायचं," तो म्हणायचा. "बोलावून मारायचं न्हाई. बोलावून बांधायचंसुद्धा न्हाई. एकदा दगा झाला की तो शब्द मेला. मग नवा शब्द घ्यायचा, आन् पयल्यापासून सुरुवात."

मी हे नीट ऐकलं. आणि नेमकं तेच वापरलं.

पिल्लं माझ्या कांद्याच्या रोपात शिरायची, वाफे उकरायची. मी दोनदा सांगितलं. "जाळी लावतो" म्हणाला, लावली नाही. मला आधीच बारीकसारीक गोष्टींचा घोर लागतो. रोप गेलं तर लावायचं काय, एवढंच डोक्यात.

एका दुपारी तो शिरूरला दवाखान्यात गेला होता. मी त्याच्या अंगणात गेलो. पिल्लांची आई मला ओळखायची, भुंकली नाही. गुडघ्यांवर बसलो. हात पसरले. त्याच्यासारखंच म्हणालो, "ये."

चौघंही आली. शेपट्या हलवत.

एकेकाला उचलून पोत्यात घातलं.

घोड नदीच्या पलीकडे सोडून आलो. आमच्याकडे नको असलेली पिल्लं सगळे असंच सोडतात, मी काय वेगळं केलं, असं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी नामदेव ताटली वाजवत, हाका मारत बांधाबांधाने फिरत होता. माझ्याकडे आला.

"आप्पा, दिसली का रं कुठं?"

"शेजारी ऊस हाय. बिबट्यानं नेली असतील."

आमच्या भागात हे कुणालाही पटतं. पारावर मी चार जणांना तेच सांगितलं, त्यांनाही पटलं.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. नदीपलीकडे जाऊन शोधलं. एकच सापडली, काळ्या कानाची मादी. गुपचूप त्याच्या अंगणात आणून सोडली.

तो तिला छातीशी धरून मलाच दाखवायला आला. "चिमी वाचली बघ आप्पा."

मी म्हणालो, "नशीब."

चिमी बसायची. थांबायची. पण "ये" म्हटलं की जमिनीला चिकटायची आणि तिथेच मुतायची.

दोन महिने तो तिच्यामागे होता. तेच गुडघे, तेच पसरलेले हात, तोच शब्द. नवा शब्द त्याने घेतला नाही. का घेईल? दगा झालाय हे त्याला माहीतच नव्हतं.

एक दिवस चहा पिताना म्हणाला, "बिबट्याला भ्यालेलं पिल्लू अंधाराला भितंय. हे माझ्या हाकेला भितंय. माझंच कायतरी चुकलं असणार."

मी बशीत चहा ओतला आणि पीत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात हार्ट अटॅक आला. आपलं शिकवणं चुकलं, असं समजून माणूस गेला.

दहाव्याला कावळा शिवेना. दौंडला दिलेली त्याची लेक अलका पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "आबा, चिमीला मी नेते." थोड्या वेळाने कावळा शिवला. लोक म्हणाले, जीव पिल्लात अडकला होता. मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

परवा अलकाचा फोन आला.

"आप्पा, घरामागं रेल्वेलाइन हाय. अंगणाचं गेट उघडं दिसलं की ही सुटती, 'ये' म्हटलं की रुळातच जमिनीला चिकटती, उठत न्हाई. आबांनी सगळं शिकवलं, मग एवढंच कसं न्हाई शिकवलं? आता घरात सगळ्यांचं म्हणणं हाय, रविवारी कुठंतरी सोडून येऊ."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला.

उद्या रविवार. आज सकाळपासून फोन लावतोय, लागत नाही.

अलका, तुझ्या आबांनी सगळं नीट शिकवलं होतं. मोडलं ते मी. चारचौघांत लिहितोय, कारण बिबट्याचं खोटंही चारचौघांत पसरवलं होतं.

तिला "ये" म्हणू नकोस. तिने आजवर न ऐकलेला शब्द घे. घरातच, दोन पावलांवरून, भाकरीचा तुकडा दाखवून. आली की दे, पण लगेच धरू नकोस. रोज थोडं थोडं. पाच महिन्यांची तर आहे, शिकेल.

घरचे ऐकतच नसतील तर सोडू नका. मी एसटीने येतो, घेऊन जातो. मला बघून ती घाबरेल. ते मला सोसावं लागेल.

नामदेव, तुझं काही चुकलं नव्हतं. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं.

अलका, चिमी अजून घरात आहे का, एवढं कळव. शिव्या दे, पण आजच्या आज कळव.